दूध थांबत नाही, चीज थांबतं



गेल्या पावसाळ्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. ओढ्याला पाणी आलेलं, त्यामुळे दोन दिवस दुधाची गाडी गावात आलीच नव्हती. एका मावशींकडे दोन म्हशींचं दूध घरातच पडून होतं. थोडं शेजारी वाटलं, थोड्याचं दही लावलं, बाकीचं नासलं. मावशी मला म्हणाल्या, "अगं, सोनं असलं तर माणूस भाव येईस्तोवर थांबतो. दुधाला कुठं थांबवायचं?"

त्याच बैठकीत आईसोबत आलेल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, पिझ्झावर ताणलं जातं ते चीज म्हणजे नक्की काय असतं?" मी म्हटलं, दुधाचंच असतं. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. मग घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं की मावशींचा आणि त्या मुलीचा प्रश्न एकच आहे. दुधाला थांबवायचं कसं, याचं जगातलं एक फार जुनं उत्तर म्हणजे चीज. म्हणून या अंकातला आपला पाठ चीजचा. गमतीजमती आहेत, आणि शेवटी आपल्या कामाचंही आहे.

'डेअरी' हा शब्द बाईचा

आपण रोज म्हणतो, "डेअरीत दूध घातलं का?" हा शब्द कुठून आला, माहीत आहे? जुन्या इंग्रजीत कणीक मळणारीला, घरकाम करणाऱ्या बाईला 'डेय' अशासारखा एक शब्द होता. पुढे दूध-लोण्याचं, चीजचं काम करणाऱ्या बाईला तो लागू झाला. ती जिथं काम करायची ती जागा म्हणजे डेअरी. थोडक्यात, डेअरी म्हणजे मुळात बाईच्या कामाची जागा! आज डेअरीच्या कागदांवर बाईचं नाव किती ठिकाणी असतं, ते तुम्ही मला सांगा.

सात हजार वर्षांपूर्वीची चाळणी

युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथं जमिनीत मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. भांड्याला बारीक बारीक भोकं, आपल्या चाळणीसारखी. ही कशासाठी असतील यावर अभ्यासकांचे तर्क चालले होते. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मातीत मुरलेल्या पदार्थांची तपासणी केली, तर त्यात दुधाची स्निग्धता निघाली. भांडी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे तेव्हाची माणसं दूध फाडून, चाळणीत गाळून, घट्ट भाग वेगळा काढत होती. आपण चक्का बांधतो, त्याचीच ही जुनी बहीण.

यात आणखी एक गंमत आहे. त्या काळी बहुतेक मोठ्या माणसांना दूध पचतच नसे. दुधातली साखर पचवण्याची ताकद लहानपण सरलं की कमी होते. पण दूध फाडून पाणी काढलं की त्याबरोबर ती साखरही बरीचशी निघून जाते. त्यामुळे ज्यांना दूध बाधायचं त्यांना चीज चालायचं. आजही काही जणांचं पोट दुधानं बिघडतं आणि दह्यानं बिघडत नाही, त्यामागं बरंचसं हेच कारण आहे.

पनीर वितळत नाही, चीज का वितळतं?

पनीर आपण सगळ्याच जणी करतो. दूध तापवायचं, लिंबू पिळायचं, फाटलं की फडक्यात बांधायचं. हे आंबटानं फाडलेलं दूध. ते तव्यावर टाकलं तर लालसर होतं, पण वितळत नाही.

बहुतेक चीज दुसऱ्या रीतीनं करतात. दूध कोमट करून त्यात विरजण घालतात आणि मग 'रेनेट' नावाचा पदार्थ. दुधावर जगणाऱ्या वासराच्या पोटात दूध घट्ट करणारा एक रस असतो, तो हा. रेनेटनं दूध फाटत नाही, खरवसाच्या वडीसारखं एकसंध थिजतं. मग ते कापायचं, पाणी काढायचं, मीठ लावायचं, दाबायचं आणि ठेवून द्यायचं. असं चीज गरम केलं की वितळतं, ताणलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चीज शाकाहारी नाही? थांबा. आपल्या देशातल्या अन्न सुरक्षेच्या नियमानुसार चीजला प्राण्यांपासून काढलेलं रेनेट वापरता येत नाही. ते सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं वापरतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्यायचा, एवढंच. झाडपाल्यानं दूध थिजवायची रीतसुद्धा जुनी आहे. पोर्तुगाल देशात एका काटेरी झाडाच्या फुलांनी चीज लावतात. आपल्या वायव्येकडच्या कोरड्या भागात अश्वगंधेच्या कुळातलं एक झुडूप आहे, त्याच्या फळांनी दूध घट्ट होतं. त्याचं नावच पनीरफूल!

चीज टिकतं का, याचं कारण तुम्हाला घरबसल्या माहीत आहे. पापड, कुरडया, लोणचं कशानं टिकतं? पाणी काढलं आणि मीठ घातलं म्हणून. चीजलाही तोच नियम. जितकं पाणी कमी, तितकं आयुष्य जास्त. घट्ट चीजच्या एका किलोला गाईचं साधारण दहा लिटर दूध आटतं.

एकीचं दूध आपलं गटच की!

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर ज्युरा नावाचे डोंगर आहेत. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतं, पूर्वी महिनोन्‌महिने बाहेरचा रस्ता बंद असायचा. उन्हाळ्यातलं दूध हिवाळ्यात पोटाला मिळायचं तर मोठं, घट्ट, टिकाऊ चीज हवं. ते जात्याच्या दगडासारखं गोल असतं, त्याला ते चाक म्हणतात. तिथलं 'कोंते' नावाचं चीज घ्या. चाळीस किलोच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. एका घरात दोन-चार गाई. कुठून आणायचं एवढं दूध?

मग तिथल्या लोकांनी दूध एकत्र करायला सुरुवात केली. ही गोष्ट तेराव्या शतकातली आहे. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराज होते त्या काळातली. सगळ्यांचं दूध एका जागी, चीज एका जागी, आणि विकून येईल ते दूध घातल्याच्या प्रमाणात. या जागेला त्यांनी 'फ्रुइतिएर' म्हटलं, म्हणजे सगळ्यांच्या कष्टाचं फळ जिथं पिकतं ती जागा. आजही त्या भागात अशा शंभराहून जास्त संस्था चालू आहेत. आपल्या गटात प्रत्येकीची महिन्याची बचत छोटी असते, पण दहा-बारा जणींची मिळून कुणाच्या तरी शेळ्या येतात. हिशेब तोच आहे.

बँकेच्या गोदामात चीज

आता सगळ्यात भारी गोष्ट. इटली देशात 'पार्मिजानो रेज्जानो' नावाचं चीज होतं, आपण पार्मेसान म्हणतो ते. एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं. ते कमीत कमी १२ महिने पिकवावंच लागतं, पुष्कळदा दोन वर्षं ठेवतात. जितकं जुनं, तितका भाव जास्त.

पण दुधाचे पैसे आज द्यायचे आणि चीज विकायचं दोन वर्षांनी. मधल्या काळात घर चालवायचं कशावर? तिथं 'क्रेडिटो एमिलियानो' नावाची बँक आहे. ती चीजची चाकं तारण ठेवून कर्ज देते! सोनं ठेवतो ना आपण, तसं. बँकेच्या गोदामांत अशी काही लाख चाकं रचलेली असतात. तिथं ती नुसती पडून राहत नाहीत. ती वेळोवेळी उलटतात, पुसतात. तपासणारा माणूस छोट्या हातोडीनं चाक वाजवून बघतो आणि आवाजावरून आत पोकळी आहे का ते ओळखतो. आपण माठ घेताना बोटानं वाजवून बघतो, अगदी तसंच.

यात मला कळलेली गोष्ट अशी. त्या शेतकऱ्याला पैशाची नड आहे म्हणून पडेल भावात विकावं लागत नाही. माल टिकाऊ आहे, ठेवायला जागा आहे आणि मालावर कर्ज मिळतं. या तीन गोष्टी असल्या की विकणारा थांबू शकतो. आणि जो थांबू शकतो, त्यालाच भाव बोलता येतो. मावशींच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा नीट समजला.

थोड्या गमती

* फ्रान्समध्ये कामेम्बेअर नावाचं मऊ चीज आहे. ते १७९१ च्या सुमारास मारी हारेल नावाच्या शेतकरी बाईनं पहिल्यांदा केलं, असं तिकडं सांगतात. विमुतिए गावात १९२८ मध्ये तिचा पुतळा उभारला. महायुद्धात बाँब पडून तो फुटला, तेव्हा अमेरिकेतल्या एका चीज कारखान्याच्या लोकांनी पैसे दिले आणि नवा पुतळा उभा राहिला.
* चित्रातल्या उंदराच्या चीजला भोकं असतात ना? ते स्विस चीज. आतल्या जिवाणूंच्या वायूनं भोकं पडतात. पुढे भोकं कमी व्हायला लागली. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी कारण सांगितलं: पूर्वी बादलीत गवताचे बारीक कण पडायचे, वायू त्याच्याभोवती जमायचा. यंत्रानं स्वच्छ दूध काढायला लागले आणि भोकं घटली!
* पिझ्झावरचं मोझरेला इटलीत नेपल्सच्या आसपास म्हशीच्या दुधाचं करतात, आणि तेच जास्त नावाजलेलं आहे. म्हशीवाल्यांनी मान ताठ ठेवावी.
* आपल्या देशातही चीजची भावंडं आहेत. जम्मूकडची कलाडी, हिमालयातली तासन्‌तास चघळायची छुर्पी, बंगालचं बांडेल आणि मुंबईच्या पारशी घरातलं टोपलीत लावलेलं टोपली पनीर.

मग आपण काय करायचं?

उद्यापासून चीज करायला लागा, असं मी म्हणणार नाही. त्याला थंड खोली लागते, रोज एकसारखं दूध लागतं आणि महिनोन्‌महिने पैसा अडकतो. गटाचं कर्ज काढून कुणी त्यात घाईनं उडी घेऊ नये. पण तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

१. गाडी न येणाऱ्या दिवसाची तयारी. दूध नासायच्या आत पनीर किंवा चक्का करून ठेवा. म्हशीच्या एक लिटर दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर पडतं. पनीरचं पाणी फेकू नका, कणीक नाहीतर थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा. दोन-चार दिवसांची नड भागेल. मात्र नेमानं विकायचं ठरवलं तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यायची, त्यासाठी मला सांगा.

२. पाकीट वाचायची सवय. मुलांसाठी चीज आणताना मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांमध्ये वनस्पती तेल किंवा पाम तेल दिसलं तर ते निव्वळ दुधाचं चीज नव्हे. पातळ चौकोनी चकत्या येतात ते 'प्रोसेस्ड' चीज, म्हणजे तयार चीज क्षार घालून वितळवून पुन्हा थापलेलं. ही युक्ती १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघाली. त्यात मीठ बरंच असतं, रोजच्या डब्याला नको.

३. आपलं 'चीज' ओळखा. दूध थांबत नाही, पण तूर थांबते. सोयाबीन, हरभरा, हळद थांबते. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्यावर ठरलेल्या दरानं कर्ज घ्यायचं. तूर, सोयाबीन, हरभऱ्याला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजानं मिळतं. भाव आला की विकायचं आणि कर्ज फेडायचं. आपली बाजार समिती ही योजना चालवते का, गोदामात जागा आहे का, ते आधी विचारून घ्या. माल शेतकऱ्याचाच लागतो, म्हणून सातबारा बघतात. इथंच आपली गाडी अडते, कारण सातबारावर आपलं नाव नसतं. पेरणी, खुरपणी, काढणी आपली आणि माल थांबवायचा का विकायचा हे ठरवायला दुसरं कुणी. डेअरी शब्दासारखंच झालं की हे!

पुढच्या बैठकीत बोलूया

* गेल्या वर्षी आपल्या गटातल्या किती जणींनी नड होती म्हणून कमी भावात माल विकला? अंदाजे किती रुपये गेले?
* त्या वेळी गटाचं अंतर्गत कर्ज मिळालं असतं तर माल थांबवता आला असता का?
* सातबारावर किती जणींचं नाव आहे? नसेल तर घरात हा विषय काढायला काय अडचण येते?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. मी येईन तेव्हा सोबत बसून बघू, आणि बाजार समितीत चौकशीला चार-पाच जणी मिळून जाऊ. त्या मावशींनी तर आत्ताच सांगून ठेवलंय, "मी येणार, पण दूध काढून झाल्यावर."

तुमची,
क्षेत्र समन्वयक