हनुवटीचे रोपण आणि नंतरचे सहा आठवडे

हनुवटी मागे असली की नाक उगाच मोठे दिसते आणि जबड्याची रेषा गळ्यात विरून जाते. अशा वेळी खालच्या जबड्याच्या पुढच्या हाडावर सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिएथिलिनचा तुकडा बसवून हनुवटी पुढे आणता येते. मात्र संपूर्ण जबडाच मागे असेल, दात नीट जुळत नसतील, तर उपाय जबड्याच्या शस्त्रक्रियेत असतो. लहानपणी हनुवटीवर पडून कानापुढचा सांधा जखडला, तर जबड्याची वाढ खुंटते. अशा रुग्णाला बऱ्याचदा झोपेत श्वास अडण्याचा त्रासही असतो. नुसत्या रोपणाने तो जात नाही.

भिवंडीत हनुवटीआधी तोंड तपासावे लागते. यंत्रमागावर आणि गोदामात लांब पाळ्या करताना सुपारी, तंबाखू, गुटखा गालात धरण्याची सवय अनेकांना लागते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, सवय मात्र गेलेली नाही. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये शिरत नसतील, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अशा तोंडात कठीण जाते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम रेंगाळते, पू होण्याची भीती वाढते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवा. यात सूट देणारा डॉक्टर रुग्णाचे भले करत नाही.

शस्त्रक्रिया साधारण तासाभराची असते. चीर हनुवटीखाली किंवा खालच्या ओठाच्या आत घेतात. पहिलीचा बारीक व्रण राहतो; दुसरीचा दिसत नाही, पण तोंडातले जंतू जवळ असतात. ओठाला संवेदना देणारी नस उपदाढांच्या खाली हाडातून बाहेर येते. ती ताणली गेली तर ओठ काही आठवडे बधिर राहतो, क्वचित कायमचाही. बधिर ओठाला चहाचा चटका कळत नाही, म्हणून चहा कोमट करूनच घ्यावा. शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन किंवा मुख व जबडा शल्यचिकित्सकाकडेच करावी, आणि त्यांची वैद्यकीय किंवा दंत परिषदेतील नोंदणी पाहून घ्यावी.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, उशी उंच घेऊन उताणे झोपावे. आठवडाभर मऊ भात, वरण, खिमट, ताक चालते. आतून टाके असतील तर प्रत्येक खाण्यानंतर सांगितलेल्या औषधाने किंवा मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. बाहेरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. बैठे काम आठवडा-दहा दिवसांनी जमते. गोदामातली ओझी मात्र महिनाभर उचलू नयेत. दुचाकीचा प्रश्न वेगळा आहे. हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीखाली दाबतो आणि पट्टा न लावता गाडी चालवणे जिवावरचे, त्यामुळे सर्जनने परवानगी देईपर्यंत गाडी घरीच ठेवावी. धक्क्याचे खेळ सहा आठवडे बंद.

ताप, वाढत जाणारी लाली, पू, एका बाजूला सरकलेली हनुवटी, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संसर्ग आटोक्यात येत नसेल तर रोपण काढावे लागते. जखम पूर्ण बरी झाल्यावर, काही महिन्यांनी ते पुन्हा बसवता येते. सर्व काही सुरळीत गेले, तरी हनुवटीचा खरा आकार तीन महिन्यांनंतरच दिसतो.