हाताला कळलेला धडा



या वेळचा अभ्यास चार ते सात वर्षांच्या मुलांचा आहे. पण करवून घ्यायचा आहे तुम्ही.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात फिटर, मशीनिस्ट, स्टोअरकीपर म्हणून काम करणाऱ्या आपल्या काही पालकांना वाटते, आपले इंग्रजी कच्चे, आपण मुलाला काय शिकवणार? मग मूल शिकवणीच्या नाहीतर मोबाइलच्या हवाली होते. हा न्यूनगंड आधी सोडा. लहान मूल कानापेक्षा हाताने जास्त शिकते आणि तुमच्या हाताला काम येते.

मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त पाहा. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. तथागतांनी पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी ठेवले व ते राहुलला दाखवले. मग ते फेकून दिले, भांडे पालथे घातले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच थोडे, फेकलेले, पालथे आणि रिकामे असते, हे त्यांनी भांड्यावरून समजावले. चौथे शील शिकवायला एक भांडे पुरले.

आपल्यासाठी हे भांडे साधे नाही. लहानग्या भीमरावांना शाळेत पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान. वस्तूला हात लावून शिकण्याचा हक्क आपल्या मुलांना सहज मिळालेला नाही. तो वापरा.

साधने महाग लागत नाहीत. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे ही त्यांचीच पद्धत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. खडे, बिया, पाने, शिंपले हीच तिथली साधने.

आता घरी करायच्या चार कृती:

१. धूळपाटी. पसरट ट्रेमध्ये चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू घ्या. मुलाने बोटाने ‘म’ काढावा, मग ‘भ’. दोहोंतला फरक डोळ्याआधी बोटाला कळतो. नंतर ‘भीम’ लिहू द्या.

२. नट-बोल्ट. मोठे, नवे, तेल नसलेले पाच-सहा जोड द्या. मुलाने जोड्या शोधून फिरवून बसवाव्यात. बोटांच्या चिमटीत जोर येतो आणि तीच चिमूट पुढे पेन्सिल धरते.

३. खजुराच्या बिया. धुऊन वाळवा. पाच-पाचचे ढीग लावून मोजू द्या. मग घरातल्या माणसांत सारख्या वाटायला सांगा. उरलेल्या बियांचे काय करायचे, हे त्यालाच ठरवू द्या. इथे गणित आणि समता एकाच वेळी शिकून होतात.

४. पाण्याचे भांडे. राहुलची गोष्ट सांगत मुलालाच पाणी ओतू द्या, भांडे पालथे करू द्या. शेवटी एकच प्रश्न विचारा: आता यात पाणी राहील का? उपदेश नको, उत्तराची वाट पाहा.

घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर बिया व नट त्याच्या हाती लागू देऊ नका. कृती करताना मध्येच हात धरू नका. पाणी सांडले तर फडके द्या, पुसणे हीही कृतीच आहे.

शारजात शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. कारखान्यातल्या पालकाला बहुधा एकच. त्या दिवसातली वीस मिनिटे पुरेत. ज्यांचे मूल गावी आहे, त्यांनी बोटिमवर समोर ट्रे ठेवून बसावे: तुम्ही इथे अक्षर काढा, ते तिकडे काढील.

त्रिशरण-पंचशील मुलांच्या तोंडी आहेच. आता ते त्यांच्या हातात उतरू द्या.