नव्या घराचा कठडा
वाचन : अनुवाद २२:८

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेला तर दोष घरावर येतो, असे नियमशास्त्र सांगते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा हा नियम मला नव्याने कळला.

वारली बांधवांचे जुने घर लाकडी मेढी, आढे आणि वाशांच्या सांगाड्यावर उभे असते. भिंत म्हणजे कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप. छपराचा भार लाकडावर, भिंतीवर नाही. धक्का बसला की सांगाडा थोडा लवतो; कूड पडलाच तरी तो हलका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली.

मात्र जमिनीत पुरलेल्या मेढीला ओल आणि वाळवी लागते. म्हणून ती जोत्यावरच्या दगडावर उभी करून तिरप्या लाकडांनी आवळावी. लाकूड महाग झाले, हे खरेच. तरी नुसत्या विटा रचून घर उरकण्याची घाई मला पटत नाही. बंधुभगिनींनो, तुमच्या दानातून एखादे घर उभे राहत असेल, तर रंगाआधी सांगाड्याची चौकशी करा.