थकलेले भाडे व ख्रिस्ती घरधनी

ह्या आठवड्याच्या पाठासाठी अनुवाद २४:६–१८ व मत्तय १८:२१–३५ हे भाग सर्वांनी घरी वाचून यावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी उपदेशकांनी ते सभेत सावकाश वाचून दाखवावे.

आपल्या मंडळ्यांत आता घरधनीही आहेत. कोणी निवृत्तिवेतनाच्या पैशातून दोन खोल्या बांधून त्या भाड्याने दिल्या आहेत, तर कोणा विधवा भगिनीचा चरितार्थ रस्त्याकडील एका गाळ्याच्या भाड्यावर चालतो. महिना लोटतो, भाडे येत नाही. आणि पुष्कळदा भाडेकरू त्याच मंडळीतला असतो. अशा वेळी एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांचे बोलणे बंद होते. म्हणून ह्या बाबतीत प्रभूची इच्छा काय आहे हे शोधणे अगत्याचे आहे.

१. नियमशास्त्राची शिकवण

देणे मागण्याचा हक्क नियमशास्त्राने नाकारलेला नाही. तथापि त्या हक्कास कुंपण घातले आहे. गहाण आणण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे व ऋणकोने ती वस्तू आपण होऊन आणून द्यावी (वचने १०, ११). देणे थकले म्हणून गरिबाचा उंबरा ओलांडण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये (वचन ६). कारण एक तळी नेली की दुसरी निरुपयोगी होते व मुलाबाळांची भाकर बंद पडते. आज भाड्यापोटी शिंप्याचे शिलाईयंत्र किंवा मजुराची सायकल ओढून नेणे हे तेच पाप होय. त्याने मग कमवावे कशाने आणि भाडे द्यावे कशातून?

ह्या आज्ञांचे कारण अठराव्या वचनात आहे: इस्राएल लोक स्वतः मिसरात दास होते, ह्याची त्यांनी आठवण ठेवावी. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी परक्याच्या शेतात राबून, खंडासाठी हात जोडून दिवस काढले. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळास संरक्षण दिले, आणि १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणारी पुष्कळ कुळे तिची मालक मानली गेली. ज्यांनी तो जाच पाहिला त्यांच्या लेकरांनी तोच जाच दुसऱ्यास करावा काय?

२. प्रभूचा दृष्टान्त

दृष्टान्तातील सोबतीच्या दासाचे देणे शंभर दीनार होते. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे ते देणे शंभर दिवसांच्या कष्टांचे होते. ती रक्कम क्षुल्लक आहे असे प्रभू म्हणत नाही. परंतु धन्याने जे माफ केले त्यापुढे ती कणभर होती, आणि ज्याला एवढी क्षमा मिळाली त्याने सोबत्याचा गळा धरला, हाच त्याचा अपराध. गळा न धरताही देणे मागता येते.

३. घरधन्याने काय करावे

पहिले, आरंभीच करार लेखी करावा, आणि भाड्याची तारीख भाडेकरूच्या हाती पगार येतो त्यानंतरची ठेवावी. प्रत्येक वेळी पावती द्यावी. अर्धे वाद पावतीअभावी उत्पन्न होतात.

दुसरे, भाडे थकताच एकांतात भेटून विचारावे (मत्तय १८:१५). चारचौघांत किंवा उपासनेच्या दारात नव्हे. तो देऊ शकत नाही की देऊ इच्छीत नाही, ह्याचा विवेक करावा. आजारपण असेल किंवा मजुरी अडकली असेल तर हप्ते बांधून ते कागदावर लिहावे. साधत असेल तर काही भाग सोडावा. जो देऊ शकत असून टाळतो त्याच्याकडे मंडळीच्या दोन वडिलांस घेऊन जावे.

तिसरे, पाणी किंवा वीज तोडू नये, दारास कुलूप लावू नये, भांडी बाहेर फेकू नयेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा जेथे लागू आहे तेथे अशी अत्यावश्यक सोय तोडणे निषिद्ध आहे. थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. आणि न्यायालयाचे समन्स पोहोचल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी, सालिना शेकडा १५ साधे व्याज व खर्च भरल्यास त्याला त्या कारणावरून काढता येत नाही. हा अधिनियम प्रत्येक खेड्यास लागू नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी वकिलास विचारून घ्यावे. सरकारी कायदा इतकी सबुरी शिकवितो, तर ख्रिस्ताच्या शिष्याने त्याहून कमी दाखवू नये.

४. भाडेकरूचे कर्तव्य

घरधनी ख्रिस्ती आहे म्हणून भाडे बुडविण्यास मोकळीक आहे, असे कोणी समजू नये. उसने घेऊन परत न करणे हे दुर्जनाचे लक्षण म्हटले आहे (स्तोत्र ३७:२१), आणि कोणाचे काही देणे राहू देऊ नये अशी प्रेषिताची आज्ञा आहे (रोम १३:८). लग्नाच्या जेवणावळीस पैसा निघतो आणि विधवेच्या भाड्यास निघत नाही, ह्याचा हिशेब देवापुढे द्यावा लागेल. अडचण आली असता तारखेपूर्वी स्वतः जाऊन सांगावे. तोंड चुकविल्याने देणे फिटत नाही, विश्वास मात्र जातो.

विचारासाठी प्रश्न

१. धनकोने बाहेर उभे राहावे असे देवाने का सांगितले असावे?
२. दया आणि आळसाची पाठराखण ह्यांतील भेद कसा ओळखावा?
३. घरधनी स्वतः गरीब असेल तर मंडळीने दोघांस कसे साहाय्य करावे?

ज्यांच्यात असा व्यवहार अडला आहे त्यांनी पुढील प्रभुभोजनापूर्वी एकमेकांच्या दारी जावे, अशी आमची नम्र विनंती आहे.