माशाची लांबी मोजा, पाण्यातली मर ओळखा

मत्स्यबांधवांनो आणि बोटमालकांनो,

बेळगुंदीजवळचं राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. धरण कुठलंही असो, पाण्याखाली मासे किती उरलेत ते दिसत नाही. पण जाळ्यातल्या माशाची लांबी ते सांगते. पकड जास्त झाली की मासा मोठा होण्याआधीच निघतो आणि सरासरी लांबी घटते.

बेव्हर्टन आणि होल्ट या शास्त्रज्ञांचं यावर एक सूत्र आहे:

एकूण मर = वाढीचा वेग × (कमाल लांबी − सरासरी लांबी) ÷ (सरासरी लांबी − सुरुवातीची लांबी)

सुरुवातीची लांबी म्हणजे ज्या लांबीपासून मासा आपल्या जाळ्यात पुरता अडकतो ती. त्याहून लहान मासे सरासरीत धरायचे नाहीत.

समजण्यापुरता हिशेब करू. रोहूची कमाल लांबी 90 सेंमी, वाढीचा वेग 0.3, सुरुवातीची लांबी 30 धरली.
▪️ सरासरी 48 सेंमी: 0.3 × 42 ÷ 18 = 0.7. म्हणजे 100 पैकी साधारण 50 मासे वर्षाने उरतात.
▪️ सरासरी 40 सेंमी: 0.3 × 50 ÷ 10 = 1.5. उरतात फक्त 22.

यात रोग, शिकारी मासे यांनी होणारी नैसर्गिक मर 0.4 धरली, तर जाळ्याची मर पहिल्या वेळी 0.3, दुसऱ्या वेळी 1.1. ढोबळ नियम असा की जाळ्याची मर एकूण मरीच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. पहिल्यात ती 43 टक्के, दुसऱ्यात 73. फरक फक्त 8 सेंमीचा!

मोजताना एवढं सांभाळा:
1. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा.
2. निवडून मोजू नका, आले तसे 100 मासे घ्या.
3. दरवेळी त्याच आसाचं जाळं धरा. आस बदलला की तुलना चुकते.
4. बीज जास्त सोडलं त्या वर्षीचे लहान मासे पकडीत आले की मर न वाढताही सरासरी घटते. म्हणून बीज सोडल्याची नोंद ठेवा आणि दोन-तीन वर्षं मिळून बघा.

कटला-रोहू साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणजे लहान मासा काढला की सोडलेल्या बीजाचे पैसे वाढायच्या आधीच गेले. समुद्रावरही हाच विचार आहे: महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवली, त्यात पापलेट 135 मिमी.

सरासरी घसरली तर आस मोठा करा, जाळी कमी टाका. वही आणि मोजपट्टी बोटीवर ठेवा. घरच्या शाळकरी पोरांना हिशेब करू द्या, उद्या जाळं त्यांनाच टाकायचंय.