मुंगी दिसली, मावा शोधा

सोनकच्छच्या काळ्या मातीत परसातली चवळी वाढली, की शेंड्यावर मुंग्यांची रांग लागते. पान खायला नव्हे. मुंगी माव्याचा गोड चिकटा चाटते आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावते. मग मावा फोफावतो. म्हणून औषध मारण्याआधी पाहा:

१. रांग जाते तिथले पान उलटा.
२. मोबाइलवर मुंगी, मावा व बीळ यांचे फोटो घ्या. आकार कळावा म्हणून शेजारी आगकाडी ठेवा; तारीख लिहा.
३. मावा थोडा असल्यास पाण्याच्या जोरदार धारेने धुवा.

बिळात विष ओतू नका. मुंग्या माती भुसभुशीत करतात, किडींची अंडीही नेतात. वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ साली मुंबईच्या नियतकालिकात भारतीय मुंग्यांवर लिहिले. त्यांच्याही अभ्यासाचे मूळ असे पाहणेच होते.