नुसते ओठ हलवायला सांगू का?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवतो. परिपाठात समूहगीत घेताना चार-पाच मुलं हमखास बेसूर गातात. शाळेत पेटी नाही, मलाही गाण्याचं अंग नाही. या मुलांना नुसते ओठ हलवायला सांगू का?
– एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर : गुरुजी, तसं अजिबात सांगू नका. सातव्या वर्षी अनेकांचा सूर अजून बसायचाच असतो. त्यात कानाचा दोष क्वचितच. शिवाय पुरुषाचा आवाज मुलांपेक्षा साधारण एक सप्तक खाली. तुमच्या पट्टीत उतरायला जाऊन ती गोंधळतात. म्हणून सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलीला ओळ म्हणू द्या. बाकीच्यांनी आधी ऐकावं, मग म्हणावं. डळमळणाऱ्यांना तिच्या शेजारी बसवा. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं की पेटीवाचून अडत नाही. तालाला तर हातच पुरतात : दादऱ्याच्या सहा मात्रा, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. यात ‘बेसूर’ पोरंही कधी कधी सगळ्यांच्या पुढे असतात! मात्र ‘मोठ्याने म्हणा’ हा आपला लाडका हुकूम आवरा. ओरडून सूर सुटतो नि घसा बसतो. एखाद्याचा आवाज तीन आठवडे घोगराच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला पालकांना सांगा.